गुलबक्षीची वही

बागेतले एखादे झाड वर्षभर जवळून पाहायचे असे मनात आले, की लक्ष आधी जाते ते गुलाबाकडे, नाहीतर दुहेरी जास्वंदीकडे. झाडे देखणी आहेत, वाद नाही. पण गुलाब कलमाचा असतो, जास्वंद फांदी खोचून लावलेली असते, मोगऱ्याचेही तेच. आपल्या बागेत ही झाडे बी धरताना क्वचितच दिसतात. म्हणजे फूल पाहायला मिळते, पण फूल कशासाठी असते ते कळत नाही. निरीक्षणाला असे झाड हवे, ज्याचा बी ते बी हा सगळा प्रवास एका पावसाळ्यात डोळ्यांसमोर पार पडेल, जे फुकट मिळेल, ज्याला खता-औषधांचे लाड नकोत आणि ज्याची मुख्य घटना आपण घरी असू अशा वेळी घडेल.

गुलबक्षी या सगळ्या अटींत बसते. मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. पण न्हाणीच्या सांडपाण्यावर, विहिरीच्या कडेला, पडक्या भिंतीच्या आडोशाला ती इतकी रुळली, की आपण तिला परकी समजतच नाही. लुगड्याच्या एका रंगाला तिचे नाव आहे. तिच्या लांब देठांची दोऱ्याशिवाय वेणी घालणाऱ्या आणि फुलाची पिपाणी वाजवणाऱ्या पिढ्या होऊन गेल्या. आणि इतक्या ओळखीची असल्यामुळेच तिच्याकडे थांबून पाहिले जात नाही.

ही वही कशी ठेवावी, कधी काय पाहावे, कोणते साधे प्रयोग करावेत आणि शेवटी झाडाच्या आयुष्याविषयी विचार कसा करावा, हे या लेखात सांगितले आहे. सूत्र एकच: अख्ख्या झाडाकडे पाहत बसू नका. एक फूल निवडा आणि कळीपासून बीपर्यंत त्याचा पाठपुरावा करा. झाडाविषयीचे विचार त्या पाठपुराव्यातून येऊ द्या.

तयारी

शंभर पानी वही, पेन्सिल, मिलीमीटरच्या खुणा असलेली पट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग, चार रंगांचा शिवणाचा दोरा, जुन्या मलमलीचे किंवा बारीक जाळीच्या कापडाचे तुकडे आणि एक टॉर्च, एवढे साहित्य पुरते. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद रबराने बसवा. रात्रीच्या पतंगांना लाल उजेड कमी जाणवतो, त्यामुळे ते लगेच उडून जात नाहीत. मोबाइलचा कॅमेरा जरूर वापरा, पण फोटो काढला म्हणजे पाहून झाले असे समजू नका. वेडेवाकडे का होईना, चित्र काढताना पुंकेसर किती आणि पानांची जोडी कशी हे मोजावेच लागते. फोटो काढताना मोजावे लागत नाही.

वहीची मांडणी आधीच ठरवा. डावे पान पाहिलेल्या गोष्टींसाठी: तारीख, वेळ, ऊन की ढग, पाऊस, माप, संख्या. उजवे पान मनात आलेल्या गोष्टींसाठी: शंका, अंदाज, आठवणी, विचार. सुरुवातीला उजवे पान रिकामे राहिले तरी राहू द्या.

बी ते कळी

बी कुणाच्याही परसात मिळेल. मिऱ्याएवढे, काळे, सुरकुतलेले, अंगावर उभ्या कडा असलेले. जूनच्या सुरुवातीला रात्रभर पाण्यात भिजवून अर्धा इंच खोल पेरा. कुंडी असेल तर निदान बारा इंचांची घ्या, कारण खाली कंदासारखे जाड मूळ पोसले जाणार आहे. पाण्याचा निचरा होईल अशी माती आणि चार-पाच तास ऊन मिळाले की तिला आणखी काही लागत नाही. एकाच वेळी चार-पाच बिया पेरा. एखादी उगवली नाही तर खोळंबा होत नाही, आणि रोपांमधला फरकही पाहता येतो.

आठवड्या-दोन आठवड्यांत जी दोन रुंद पाने वर येतात, ती खरी पाने नव्हेत, बीजपत्रे आहेत. त्यांचा आकार काढून ठेवा आणि नंतर येणाऱ्या टोकदार पानांशी ताडून पाहा. पुढे दर रविवारी तीन गोष्टी नोंदवा: जमिनीपासून उंची, पानांच्या जोड्या आणि फांद्या किती. पाने समोरासमोर येतात, त्यांच्या सांध्याशी खोड जाडसर फुगलेले असते आणि फांदी पानाच्या बगलेतून फुटते. झाडाचा एक साधा नकाशा काढून प्रत्येक फांदीला क्रमांक द्या. पुढे फुले मोजताना याच नकाशाचा आधार लागेल.

हे दोन-अडीच महिने कंटाळवाणे वाटू शकतात. आज काहीच घडले नाही, असे वाटेल त्या दिवशी खोडाचा रंग पाहा. लाल-गुलाबी फुलांच्या झाडांच्या खोडावर अनेकदा तांबूस झाक असते, पांढऱ्या फुलांच्या झाडांचे खोड हिरवे असते. वेगवेगळ्या रंगांच्या झाडांखालून वेचलेले बी वेगळ्या कुंड्यांत लावले असेल, तर फूल येण्याआधीच फुलाच्या रंगाचा अंदाज बांधून उजव्या पानावर लिहा. ऑगस्टमध्ये पडताळा मिळेल.

संध्याकाळ

फांद्यांच्या टोकांशी कळ्यांचे झुबके येतात. त्यातली आज उमलणारी कळी कोणती, हे ओळखायला शिकणे हा पहिला धडा. दुपारी सगळे झुबके नीट पाहा. ज्या कळ्या बाकीच्यांपेक्षा एकदम लांब झाल्या आहेत आणि ज्यांच्या टोकाला रंग आला आहे, त्या त्याच दिवशी उमलणाऱ्या. अशा एका कळीच्या देठाला सैल दोरा बांधा. यापुढे तेच तुमचे फूल.

साडेतीन-चारपासून दर पंधरा मिनिटांनी तिच्याकडे जा. रंगीत भाग घडी घालून पिळलेला असतो, तो पीळ सुटू लागतो. आत गुंडाळलेले पुंकेसर सरळ होत फुलाबाहेर डोकावतात. पूर्ण उमललेल्या फुलात पाच पुंकेसर आणि एक लांब कुक्षीवृंत दिसेल, त्याच्या टोकाला बारीक गोळ्यासारखी कुक्षी. पट्टीने नळीची लांबी घ्या, तोंडाची रुंदी घ्या. वास कधी सुरू झाला तेही लिहा. नाक फुलाजवळ नेऊन एकदा चारला, एकदा सहाला, एकदा आठला हुंगा. उमलणे आणि वास यांची वेळ एकच आहे की मागेपुढे, हे तुमच्या नोंदीतून कळेल.

इथे एक चांगला प्रश्न हाती लागतो. ऑगस्टच्या सुरुवातीला मुंबईत सूर्य सव्वासातच्या आसपास मावळतो, नोव्हेंबरअखेर सहाच्या सुमारास. मग गुलबक्षी घड्याळाची वेळ पाळते की सूर्याची? अंधारून आलेल्या दिवशी ती लवकर उमलते का? पावसाने हवा गार झाली तर? प्रकाश आणि तापमान या दोन्हींचा तिच्या उमलण्याशी संबंध आहे. तुमच्या अंगणात कशाचा किती वाटा आहे, ते आठवड्यातून दोन नोंदी तीन महिने नियमाने केल्या तर बऱ्यापैकी उमगेल. उमलण्याच्या वेळेशेजारी त्या दिवशीची सूर्यास्ताची वेळ लिहायला विसरू नका. ती दिनदर्शिकेत असते.

अंधार पडला की टॉर्च विझवून दहा मिनिटे गप्प उभे राहा. लांब नळी, तळाशी मध, संध्याकाळी उमलणे, तिन्हीसांजेचा वास, हे सगळे ज्याच्यासाठी जुळून आले तो पाहुणा म्हणजे लांब सोंडेचा हॉकमॉथ हा पतंग. तो फुलावर बसत नाही. हवेत एका जागी पंख फडफडवत सोंड नळीत घालतो आणि क्षणात पुढच्या फुलाकडे जातो. आपल्याकडे आढळणाऱ्या अशा पतंगांपैकी काहींची सोंड अंगापेक्षाही लांब असते. तो येईलच असे नाही, शहरात तर अनेक रात्री कोरड्या जातात. 'आठ ते साडेआठ, कोणी आले नाही' ही सुद्धा नोंदच आहे. मुंग्या, कोळी, नळीच्या तळाला बाहेरून पाडलेले एखादे भोक, यांतले काही दिसले तर तेही लिहा. तळाशी भोक असेल तर कोणीतरी पुढच्या दाराने न येता मध पळवला आहे.

पाकळी नसलेले फूल

फुलाची चिरफाड करायला दुसरे फूल घ्या, दोरा बांधलेले नव्हे. खालून सुरुवात करा. तळाशी हिरवा, पाच दातांचा पेला आहे. शाळेत शिकल्याप्रमाणे आपण त्याला निदलपुंज म्हणू आणि वरच्या रंगीत भागाला पाकळ्या. पण गुलबक्षीत तसे नाही. हिरवा पेला छदांचा, म्हणजे फुलाखालच्या छोट्या पानांचा बनलेला आहे. निदलपुंज आहे तो वरचा रंगीत भाग. पाकळ्या या फुलाला नाहीतच.

विश्वास बसत नसेल तर जवळची बोगनवेल पाहा. ती गुलबक्षीच्याच कुळातली. तिथे रंग छदांना आलेला आहे आणि खरे फूल म्हणजे त्यांच्या मध्ये उभी असलेली बारीक पांढुरकी नळी. एकाच कुळातल्या दोघींनी रंगवण्यासाठी दोन वेगळे भाग निवडले. दोन्ही फुले वहीत शेजारी शेजारी काढा आणि सारख्या भागांना सारखे क्रमांक द्या. अर्ध्या तासाच्या या चित्राने फुलाची रचना जेवढी पक्की होते, तेवढी पाठांतराने होत नाही.

आता नळी उभी चिरा. तळाशी वाटाण्याहून लहान हिरवे अंडाशय आहे, त्याभोवती पुंकेसरांची बुडे जुळून एक बारीक वाटी झाली आहे. अंडाशयाच्या लगेच वर नळी आवळलेली आहे. ती जागा चित्रात ठळक करून ठेवा, तिचे काम दोन दिवसांनी दिसेल. आणि परागकोश भिंगाखाली पाहायला चुकू नका. गुलबक्षीचे परागकण इतके मोठे असतात, की दहापट भिंगातून ते सुटे गोळे म्हणून दिसतात. या एका गोष्टीमुळे तिला विज्ञानाच्या इतिहासात जागा मिळाली, त्याकडे थोड्या वेळाने येऊ.

सकाळ

बहुतेक जण संध्याकाळ पाहतात आणि सकाळ सोडून देतात. तुम्ही तसे करू नका. सहा-साडेसहाला दोरा बांधलेल्या फुलाशी जा. ते मिटू लागलेले असेल. ढगाळ सकाळी उशीर होतो, ऊन कडक असेल तर घाई. रंगीत भाग आत वळतो, आणि त्याबरोबर पुंकेसर आणि कुक्षीवृंतही गुंडाळले जातात. काल संध्याकाळी परागकोश आणि कुक्षी यांच्यात अंतर होते. आता गुंडाळताना ते एकमेकांना टेकतात. रात्री पतंग आला नसेल तरी फुलाचे स्वतःचे पराग स्वतःच्या कुक्षीवर पडतात. परागणाची ही शेवटची सोय मिटता मिटता होते.

नंतरचे दोन दिवस आवळलेल्या जागेकडे लक्ष ठेवा. वरची सुकलेली नळी तिथून गळून पडते. खालचा भाग मात्र अंडाशयाला वेढून तसाच राहतो, जाड होतो, हिरव्याचा काळा होतो. आपण ज्याला गुलबक्षीचे बी म्हणतो, त्याचे काळे कवच म्हणजे निदलपुंजाच्या नळीचे बूड. ज्या नळीच्या वरच्या टोकाला रात्री रंग आणि वास होता, तिचेच खालचे टोक आतल्या बीचे कवच झाले आहे. हिरवा पेला हळूहळू ताऱ्यासारखा पसरतो, मध्ये काळा दाणा उघडा दिसतो आणि नुसता धक्का लागला तरी खाली पडतो. उमलण्यापासून दाणा काळा होण्यापर्यंत किती दिवस लागले, ते ऑगस्टमधल्या एका फुलासाठी आणि ऑक्टोबरमधल्या एका फुलासाठी मोजा.

दोऱ्यांचा प्रयोग

सकाळी जे पाहिले ते खरे आहे का, हे झाडालाच विचारता येते. एकाच झाडावरच्या तीस कळ्या निवडा. एका दिवसात सगळ्या मिळतील असे नाही, चार-पाच संध्याकाळी लागतील.

पहिल्या दहा कळ्यांना हिरवा दोरा बांधा आणि सोडून द्या. दुसऱ्या दहांना पांढरा दोरा बांधून उमलण्याआधी त्यांच्यावर मलमलीची सैल पिशवी चढवा, म्हणजे पतंग, मुंगी कोणीच आत जाणार नाही. दुसऱ्या दिवशी फूल पूर्ण मिटल्यावर पिशवी काढा. तिसऱ्या दहांना लाल दोरा. या कळ्या दुपारी, परागकोश फुटण्याआधी, टोकाशी अलगद उकलून चिमट्याने पाचही परागकोश काढा आणि मग पिशवी चढवा. कुक्षीला धक्का लागू देऊ नका.

हिरव्या दोऱ्याची फुले हा तुमचा मोजमापाचा आधार. पांढऱ्या दोऱ्याच्या फुलांना बी धरले, तर पाहुण्यावाचूनही काम होते हे सिद्ध झाले. लाल दोऱ्याच्या फुलांना बी धरायला नको. धरले, तर एखादा परागकोश राहिला असेल किंवा पिशवीतून काही आत गेले असेल. अशा वेळी प्रयोग फसला असे न म्हणता पुन्हा करा. तिसरा गट नसता, तर दुसऱ्या गटाचे उत्तर किती खरे मानावे हे कळलेच नसते. शाळेत जाणारी मुले घरात असतील तर हा प्रयोग त्यांच्या हातून करून घ्या. विज्ञानात तुलनेचा गट कशासाठी लागतो, हे त्यांना वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

ज्यांनी आधी पाहिले

हा प्रयोग करताना तुम्ही मोठ्या माणसांच्या रांगेत उभे आहात. फलनाला एक परागकण पुरतो की अनेक लागतात, यावर एकोणिसाव्या शतकात वाद होता. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ शार्ल नोदँ यांनी गुलबक्षीवर प्रयोग करून एक कण पुरत नाही असे म्हटले होते आणि चार्ल्स डार्विन यांनीही ते मान्य केले होते. ब्रनोच्या मठातले ग्रेगोर मेंडेल यांना ते पटले नाही. वाटाण्यावरचे त्यांचे काम तेव्हा छापून झाले होते, पण त्याची फारशी दखल कुणी घेतली नव्हती. त्यांनीही गुलबक्षीच घेतली, कारण तिचा कण एकेकटा उचलून कुक्षीवर ठेवता येतो. १८७० साली वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी कळवले, की एकेका कणाने केलेल्या फलनातून आपल्याला चांगल्या पोसलेल्या १८ बिया मिळाल्या.

मेंडेल यांची ही पत्रे १९०५ साली नेगेली यांचेच शिष्य कार्ल कोरेन्स यांनी प्रसिद्ध केली. १९०० साली मेंडेल यांचे नियम नव्याने उजेडात आणणाऱ्यांपैकी कोरेन्स हे एक. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीच्या संकरातून गुलाबी फुले येतात, हे पाठ्यपुस्तकातले उदाहरण त्यांच्याच कामातून आलेले आहे. पण १९०९ साली त्यांनी त्याहून चमत्कारिक गोष्ट मांडली. हिरव्या-पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांची गुलबक्षी असते, तिच्यावर काही फांद्या पूर्ण हिरव्या आणि काही पूर्ण पांढऱ्या येतात. कोरेन्स यांनी वेगवेगळ्या फांद्यांवरचे पराग वेगवेगळ्या फांद्यांवरच्या फुलांना दिले. पराग कुठलेही असोत, बी हिरव्या फांदीचे असेल तर रोप हिरवे, पांढऱ्या फांदीचे असेल तर पांढरे, आणि हरितद्रव्य नसल्याने ते लवकर मरणारे. ठिपक्यांच्या फांदीच्या बियांतून तिन्ही प्रकारची रोपे आली. पानांचा हा गुण फक्त आईकडून येत होता. वाटाण्याचे नियम इथे लागू पडत नव्हते, कारण हरितद्रव्याची मालमत्ता पेशीच्या केंद्रकाबाहेर, हरितलवकांत असते आणि ती परागातून नव्हे तर बीजांडातून पुढच्या पिढीला मिळते. पेशीच्या केंद्रकाबाहेरून येणाऱ्या आनुवंशिकतेचा हा पहिल्या पुराव्यांपैकी एक होता.

तुमच्याकडे अशी ठिपक्यांची गुलबक्षी असेल तर फांदीच्या नकाशाचा खरा उपयोग आता होईल. प्रत्येक फांदीचे बी वेगळ्या कागदी पुडीत ठेवा आणि पुढच्या जूनमध्ये वेगळे पेरा. फुलांच्या रंगाचा प्रयोग करणार असाल तर मात्र पाठ्यपुस्तकातले प्रमाण जसेच्या तसे मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका. आपल्या परसातल्या झाडांत लाल-पांढऱ्याबरोबर पिवळ्याचीही मिसळ झालेली असते.

रंगाचा हिशेब

एकाच झाडावर पिवळे, गुलाबी आणि दोन्ही रंगांचे पट्टे असलेली फुले येताना दिसली, तर रोज एका ठरावीक फांदीवरची फुले प्रकारानुसार मोजा. महिनाभराचा तक्ता पाहिला की काही फांद्यांवर एकाच रंगाची सलग फुले आढळू शकतात. झाड वाढत असताना एखाद्या पेशीतला रंगाचा जनुक बिघडतो किंवा पुन्हा सुरू होतो, आणि त्या पेशीपासून वाढलेला सगळा भाग तोच रंग घेऊन येतो. पट्टा बारीक असेल तर हा बदल उशिरा झाला, अर्धे फूल वेगळ्या रंगाचे असेल तर त्याआधी, आणि फांदीच वेगळी असेल तर फार आधी. रंगाचा पट्टा किती रुंद आहे त्यावरून बदल कधी झाला हे सांगता येते.

स्वयंपाकघरात करण्यासारखाही एक प्रयोग आहे. गोकर्णीची निळी फुले आणि गुलबक्षीची गडद गुलाबी फुले वेगवेगळ्या वाट्यांत कोमट पाण्यात कुस्करा. दोन्हीत लिंबू पिळा. गोकर्णीचे पाणी लगेच जांभळट होईल, गुलबक्षीच्या पाण्यात फारसा फरक पडणार नाही. दोन्हींतली रंगद्रव्ये वेगळ्या घराण्यांतली आहेत. गुलबक्षीचा रंग बीटच्या रंगाच्या जातीचा. लाल माठ, कोंबड्याचे फूल, बोगनवेल यांचाही तोच. बीटच्या कोशिंबिरीवर लिंबू पिळले तरी तिचा रंग टिकतो, हे रोजच्या जेवणात आपण पाहतोच.

उजवे पान

एव्हाना डावी पाने भरली असतील. आता उजव्या पानाकडे वळा. इथे एकच नियम पाळा: उजव्या पानावरच्या प्रत्येक विधानाला डाव्या पानावरच्या नोंदीचा आधार हवा.

फुलावर विचार करायला बसले, की पहिला शब्द सुचतो क्षणभंगुर. संध्याकाळी उमलले, सकाळी कोमेजले, माणसाचे आयुष्यही असेच. हे वाक्य लिहून झाल्यावर डावे पान उघडा. गळून पडली ती नळीची फक्त वरची बाजू. खालची बाजू महिनोन्‌महिने टिकणारे कवच झाली. त्याच फांदीवर दुसऱ्या संध्याकाळी दुसरी फुले उमलली, आणि हे दिवाळीपर्यंत रोज चालले. जमिनीखाली जाड मूळ पोसले गेले, जे वरचे झाड सुकल्यावरही पुढच्या पावसाची वाट पाहणार आहे. मग भंगुर नेमके काय? आपण फूल हे एकक धरले आणि मोजणी तिथेच थांबवली, म्हणून ते भंगुर झाले. एकक बदलून फांदी, झाड, कंद, बी असे करत गेले तर दर वेळी वेगळे उत्तर येते. माणसाच्या आयुष्याविषयीही कोणते एकक धरून बोलतो आहोत, हे विचारून पाहण्यासारखे आहे.

दुसरा मोह स्वावलंबनाचा. पाहुणा आला नाही तरी गुलबक्षी स्वतःचे काम स्वतः करते, केवढा आदर्श! इथेही थांबा. स्वतःच्या परागातून झालेल्या बीला एकाच झाडाचा वारसा मिळतो, दुसऱ्या झाडाचे नवे काही मिळत नाही. म्हणून तर तिने आधी रंग, वास, मध यांवर एवढा खर्च केला. रात्रभर ती वाट पाहते आणि सकाळी उरलेल्या मार्गाने जाते. त्यात आदर्श शोधण्यापेक्षा क्रम पाहा: चांगली शक्यता आधी, खात्रीची नंतर. असा क्रम आपण आपल्या कामांत लावतो का, हा प्रश्न उजव्या पानावर लिहिण्याजोगा आहे.

नोंद कशी दिसावी याचा एक नमुना देतो. डावीकडे: 'फांदी ३, पांढरा दोरा, पिशवी. काल पाऊस. सकाळी ७.१० पूर्ण मिटले. कुक्षी आणि दोन परागकोश चिकटलेले. कुक्षीवर पिवळे कण, भिंगातून चार.' उजवीकडे: 'पिशवी असूनही कण आले. पावसाच्या रात्री पतंग कमी फिरत असतील, तर पावसाळ्यात स्वतःच्या परागाचे बी जास्त होत असेल का? आश्विनात पुन्हा मोजायचे.' विचार एवढाच असला तरी चालतो. पुढच्या नोंदीकडे घेऊन जाणारा विचार चांगला. नुसता भारावून टाकणारा विचार वहीत फार दिवस टिकत नाही.

काही पथ्ये

गुलबक्षीचे बी आणि मूळ विषारी आहे. बी फोडले की आत पांढरी पिठूळ भुकटी असते आणि लहान मुलांना ती तोंडात घालायचा मोह होतो, म्हणून त्यांना एकटे सोडू नका आणि हात धुवायला लावा. पाळीव प्राण्यांनाही मुळापासून दूर ठेवा. रात्री झुडपाजवळ जाताना पायात बूट हवेत आणि आधी जमिनीवर उजेड टाकून पाहावे. पावसाळ्यात साप अशाच आडोशाला असतात.

एका झाडाखाली हंगामात ढीगभर बिया पडतात आणि त्या सहज उगवतात. वेचलेल्या बिया किंवा उपटलेले कंद ओढ्याकाठी, जंगलाच्या कडेला, कोकणातल्या सड्यावर टाकू नका. परसात ती पाहुणी म्हणून शोभते, पण रानातल्या मूळच्या फुलांची जागा तिने घेऊ नये.

प्रयोगासाठी फुले तोडताना झाडाचा विचार फार करू नका, गुलबक्षीला भरपूर फुले येतात. मात्र दोरा बांधलेल्या फुलांना हात लावायचा नाही, हे घरातल्या सगळ्यांना बजावून ठेवा. पूजेसाठी पहाटे फुले तोडणाऱ्यांना तर आधीच.

वर्ष संपताना

थंडी सरता सरता पाणी कमी केले, की पाने पिवळी पडतील, फांद्या सांध्यांशी मोडून पडतील. झाड मेले म्हणून उपटून टाकू नका. जमिनीपासून चार बोटे ठेवून छाटा आणि कुंडी सावलीत ठेवा. बर्फ पडतो अशा देशांत राहणारे मराठी वाचक थंडीआधी कंद खणून, कोरड्या जागी ठेवून वसंतात पुन्हा लावू शकतात.

जूनमध्ये एका कुंडीत जुन्या कंदाला पालवी फुटेल, दुसऱ्या कुंडीत तुम्ही पेरलेले बी उगवेल. दोघांच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा. कंदातून आलेल्या झाडाला पहिले फूल किती दिवस आधी येते? पिशवीतल्या फुलांच्या बीचे रोप आणि उघड्यावरच्या फुलांच्या बीचे रोप यांच्या उंचीत, फुलांत काही फरक पडतो का? पहिल्या वर्षीचे प्रश्न या लेखाने दिले होते. हे दुसऱ्या वर्षीचे प्रश्न तुमच्या वहीतून आले आहेत, आणि यांची उत्तरे मिळवताना जे तिसऱ्या वर्षासाठी उरतील ते पूर्णपणे तुमचे असतील. बिया जास्त झाल्या असतील तर शेजाऱ्याला मूठभर द्या. प्रत्येक पुडीवर फांदीचा क्रमांक, फुलाचा रंग आणि तारीख लिहायला विसरू नका. तेवढे लिहिलेले असले, की त्यालाही वही सुरू करता येईल.